दीडशेचा हेडफोन आणि नऊ हजारांचा

बारामती स्टँडवरून इंदापूर गाडी हलली की माझं काम ठरलेलं. तिकीट काढायचं, सुट्टे खिशात टाकायचे आणि हेडफोन कानात. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी... जाऊन-येऊन रोजचे तीन तास, आठवड्यातले सहा दिवस. म्हणजे आठवड्याला 18 तास मी कानात काहीतरी खुपसून बसलेला असतो. एवढा वेळ मी घरात कुणाचंच ऐकत नाही, असं सौ.चं म्हणणं आहे.

इतकी वर्षं माझा हेडफोन म्हणजे स्टँडबाहेर मिळणारा 150 रुपयांचा, वायरवाला. त्याचं आयुष्य दोन-तीन महिने. मग पिनेजवळ वायर तुटायला लागते. डावा कान बंद पडतो, वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच तो चालू होतो, आणि सणसर येईपर्यंत मनगट अवघडतं. मग दुसरा घ्यायचा. "दीडशेचं तर आहे" हे वाक्य वर्षातून पाचदा म्हटलं की 750 रुपये होतात, हा हिशोब मात्र कधी केला नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचा आला. त्याच्याकडे 9,000 चा हेडफोन. तोही वायरवालाच! मी म्हटलं, "अरे, या पैशात ब्लूटूथवाला येईल की." तर म्हणे, "मामा, त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. याला बॅटरीच नाही. तुम्ही ऐका तर आधी." ऐकला. खोटं कशाला बोलू, हरखलो. पण मनात एक शंका राहिली. मी आवाजाला हरखलो की किमतीला?

म्हणून मग एका रविवारी परीक्षा मांडली. माझा 150 चा, सौ.चा 600 चा, शेजाऱ्यांच्या मुलाचा 1,800 चा आणि भाच्याचा 9,000 चा (बिचारा आणखी एक दिवस राहिला). फोन एकच. डोळे मिटून मी बसलो आणि कोणता लावायचा ते सौ. ठरवत होती. एक काळजी घेतली, चारींचा आवाज शक्य तेवढा सारखा ठेवला. कारण जो थोडा मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. दुकानात आपण फसतो ते इथंच.

पहिलं गाणं 'गुळाचा गणपती'मधलं, 1953 चं. गदिमांचे शब्द, पुलंचं संगीत, भीमसेनजींचा आवाज. कोणतं ते सांगायला नको. निकाल असा की 600, 1,800 आणि 9,000 यांत मला फरक सांगता येईना. तीनदा ऐकलं, तीनदा वेगळं उत्तर दिलं. नंतर विचार केला तर त्यात नवल काहीच नाही. सत्तर वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण, एकाच वाहिनीवरचं. डावं-उजवं असं त्यात काही नाहीच, आणि अगदी खालचे-वरचे स्वर तेव्हाच्या यंत्रात पुरते उतरायचे नाहीत. आडातच नाही ते 9,000 च्या पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरं 'सैराट'मधलं. पिक्चर आपल्या उजनीच्या पलीकडच्या करमाळ्याचं, पण अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. इथं मात्र चित्र बदललं. 150 च्या हेडफोनमध्ये व्हायोलिनचा अख्खा ताफा म्हणजे एक लगदा. 600 मध्ये वाद्यं वेगळी झाली. 1,800 मध्ये कोण डावीकडं, कोण मागं, ते कळायला लागलं. आणि 9,000 मध्ये... थोडं अजून. खरंच थोडं. 150 वरून 600 ला जाताना जी उडी बसली, तिच्या चौथाईनंसुद्धा नाही.

हे फक्त माझ्या अडाणी कानांचं मत नाही. 2017 साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं 283 हेडफोन मोजून निष्कर्ष छापला होता. खालचे-वरचे स्वर कोणत्या प्रमाणात ऐकू येतात आणि हेडफोनची किंमत किती, यांचा एकमेकांशी संबंध सापडला नाही! अर्थात जास्तीच्या पैशात काही मिळतच नाही असं नाही. वायर तुटली तर तेवढीच बदलता येते, बांधणी मजबूत असते, डबी देखणी असते. पण हे सगळं म्हणजे आवाज नव्हे.

इथंच लेख संपवून "600 चा घ्या" म्हणणार होतो. पण सोमवारी एसटीत बसलो आणि खरी गोष्ट कळली.

भाच्याचा हेडफोन मी दोन दिवसांसाठी मागून घेतला होता. गाडी सुटली, इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, आणि 9,000 चा हेडफोन फुसका वाटायला लागला. खालचा ठेकाच गायब. आवाज वाढवला, आणखी वाढवला. भवानीनगरला सहज चाळा म्हणून रबरी टोप्या काढून त्याच्या डबीतल्या मोठ्या मापाच्या लावल्या. आणि काय सांगू! कान बूच लावल्यासारखा बंद झाला, इंजिन लांब गेलं, पखवाज परत आला. आवाज निम्म्याहून खाली आणला तरी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग 600 वाल्याबरोबर केला. तेच! कानात फट राहिली की खालचे स्वर निसटतात, मग हेडफोन कितीचाही असो. आणि माझ्या 150 वाल्याला टोप्याच नाहीत, नुसतं कडक प्लास्टिक. म्हणजे इतकी वर्षं मी इंजिनावर मात करायला आवाज चढवत होतो.

हे मी एवढ्या तिखटमिठानं सांगतोय, कारण आमचे काका. पंचवीसेक वर्षं साखर कारखान्यात टर्बाइनशेजारी काढली. आता दारावरची बेल ऐकू येत नाही, नातवंडाचं बोलणं कळत नाही, नुसते मान हलवतात. त्यांच्यापुढं निवड नव्हती. मी मात्र पदरचे पैसे देऊन टर्बाइन कानात घालत होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा, की 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण 90 डेसिबलचा फक्त 4 तास. माझे 18. गेल्या वर्षीपासून रात्री निजलो की कानात बारीक किर्र वाजतं. ते आधी मी रातकिडे समजत होतो. तपासणी केली तेव्हा वरच्या पट्टीतले बारीक आवाज थोडे कमी झालेत असं निघालं. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मंडळी, माझं मत हे असं. 150 चा हेडफोन स्वस्त नाही. चौघांत तोच सगळ्यात महाग आहे, फक्त त्याची किंमत दुकानात द्यावी लागत नाही. 500 ते 2,000 च्या दरम्यानचा, तीन मापांच्या टोप्या असलेला घ्या आणि तिन्ही मापं स्वतःच्या कानात घालून बघा. डाव्या-उजव्या कानांचं माप वेगळंही असू शकतं, माझं आहे. फक्त रस्त्यानं चालताना ते काढून ठेवा. हॉर्न ऐकू यायला हवा. त्यापुढचे हजारो रुपये घरात शांतता असेल आणि हौस असेल तरच. हौसेला मोल नसतं, पण ती हौस आहे हे माहीत असावं.

भाच्याला त्याचा हेडफोन परत केला. मी 600 चाच घेतला. परवा काकांच्या कानात घालून भीमसेनजी लावले. त्यांनी खूण केली, आवाज वाढव. मी वाढवला, पुन्हा खूण. शेवटी मीच थांबलो. मग आम्ही दोघं नुसते बसून राहिलो.

असो. तुमच्या कानात कितीचा आहे?