काकांच्या दुकानातलं झाकून ठेवलेलं मशीन

मागच्या रविवारी सिडकोत काकांच्या किराणा दुकानात बसलो होतो. तासाभरात समोरच्याच बिल्डिंगमध्ये तीन वेळा डिलिव्हरीवाला पोरगा येऊन गेला. तिसरी पिशवी ज्या वहिनींकडे गेली, त्या गेली वीस वर्षं काकांच्या गिऱ्हाईक. पिशवीत काय, तर दही आणि कोथिंबीर. काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं फ्रीजकडे बघत म्हणाले, "दही माझ्याकडं पण होतं रे."

आता यावर सगळे एकच सल्ला देतात, दुकानदारांनी टेक्नॉलॉजी वापरावी. अहो, वापरली की! तीन वर्षांपूर्वी एक सेल्समन आला आणि कॉम्प्युटर, प्रिंटर, बारकोडचं मशीन, सॉफ्टवेअर असं सगळं मिळून चाळीसेक हजारांना काकांच्या गळ्यात मारून गेला. दुकानात दोन हजारांच्या वर वस्तू. त्या भरायच्या कोणी? सुटी डाळ, सुटा गूळ, पावशेर शेंगदाणे, त्यांना बारकोड कुठला? संध्याकाळी सातला गर्दी झाली की काका तोंडी हिशोब करून मोकळे व्हायचे आणि मशीन बघत बसायचं. वर्षभरानं रिन्यूअलचे पैसे मागायला फोन आला. दुरुस्तीला मात्र कोणी फोन उचलत नाही. आज ते मशीन उशीच्या अभ्र्याखाली झाकलेलं आहे आणि त्यावर अगरबत्तीचे पुडे रचलेत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की काका मागासलेले नाहीत. त्यांना सुरुवातच चुकीच्या टोकाला करायला लावली. बिल छापणं ही त्यांची अडचण कधीच नव्हती. पैसे अडकतात ते मागच्या फळीवर.

दिवाळीआधी चुलतभाऊ आणि मी दोन रविवार घालवले. सगळं दुकान मोजलं नाही. ज्याला एक्स्पायरी आहे तेवढाच माल मोबाईलवरच्या साध्या एक्सेल शीटमध्ये घातला: नाव, नग, तारीख. बस. तारखेप्रमाणे लावल्यावर साडेआठ हजारांचा माल असा निघाला, की जो एकतर संपलेला होता किंवा महिन्याभरात संपणार होता. नूडल्स, बिस्किटं, मसाल्यांची पाकिटं. स्कीम आहे म्हणून एजन्सीवाला पेटीवर पेटी उतरवून जातो, नवीन माल पुढे लागतो, जुना मागे सरकतो. किराणात शंभराला आठ-दहा रुपये सुटतात. म्हणजे ते साडेआठ हजार भरून काढायला लाखभराचा धंदा करावा लागणार! आता एजन्सीवाला आला की भाऊ आधी मोबाईल बघतो आणि मग ऑर्डर देतो. यासाठी एक रुपया खर्च झालेला नाही.

दुसरं काम व्हॉट्सॲप बिझनेसचं. तेही फुकट. रोज सकाळी गुलाबाच्या फुलाबरोबर सुप्रभात पाठवायला नाही हं! गिऱ्हाईक हातानं लिहिलेल्या यादीचा फोटो पाठवतं, पोरगा माल बांधून ठेवतो, कामावरून येताना माणूस पिशवी उचलतो. प्रत्येक ऑर्डरला लेबल लावता येतं, त्यामुळे कोणाचे पैसे यायचेत ते कळतं. एक गोष्ट उशिरा कळली. ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय. मग भावानं प्रत्येकाला समोर उभं करून नंबर सेव्ह करून घेतला.

उधारी मात्र अजून वहीतच आहे, आणि इथं काकांचं बरोबर ठरलं. आम्ही एक उधारीचं ॲप लावून बघितलं होतं. त्यानं तीन तारखेला एका गिऱ्हाइकाला आपोआप बाकीचा मेसेज पाठवला. तो माणूस अंबड एमआयडीसीत कामाला, पगार सातला. अपमान वाटला त्याला, दोन महिने फिरकला नाही. कोणाचा पगार कधी होतो, कोणाच्या घरी दवाखाना चालू आहे, हे काकांना माहीत असतं. ते ॲपला कुठून कळणार?

आता खरी गोष्ट, जी दुकानदार उघड बोलत नाहीत. भीती मोबाईलची नाही, जीएसटीची आहे. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, बंगळुरूत लोकांनी 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. नंतर तिथल्या सरकारला सबुरीची भाषा करावी लागली, पण तोवर तो व्हिडिओ आपल्या गल्लीत पोचला होता. आमच्या लाईनीतल्या दोघांनी क्यूआर कोड काढून टाकला.

काढून फायदा काय? फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे आणि ती एकूण उलाढालीवर मोजतात, रोख धरून. रोजचा अकरा हजारांचा गल्ला झाला की तुम्ही तिथं पोचलात. क्यूआर काढल्यानं उलाढाल कमी होत नाही, गिऱ्हाईक कमी होतं. आणि दीड कोटीपर्यंत कंपोझिशनची सोय आहे. व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर एक टक्का. सुटे धान्य, भाजी यांची विक्री मर्यादेत मोजली जाते, पण त्यावर कर नाही. समजा 50 लाखांची उलाढाल, त्यातली 35 लाखांची करपात्र, तर वर्षाचे 35 हजार. दिवसाला शंभराच्या आत. अर्थात हे पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत, खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. शंभरातल्या आठ-दहातला एक जातो, तो टोचतोच. पण नोटिशीच्या भीतीनं रात्री जागण्यापेक्षा मला तो परवडणारा वाटतो.

दहा मिनिटांत दही पोचवणाऱ्यांशी काका जिंकतील असं मी म्हणत नाही. दह्याचं गिऱ्हाईक बहुतेक गेलंच. महिन्याची यादी अजून हातात आहे, ती टिकवायचीय. चुलतभाऊ तर गाळा भाड्यानं देऊन टाकू म्हणत होता, सध्या तो विषय थांबलाय.

काकांचा गल्ला अकरा हजारांच्या वर आहे, आणि नोंदणी अजून केलेली नाही. हे लिहायला त्यांची परवानगी घेतलीय. शनिवारी त्यांना घेऊन सीएकडे जातोय. तुमच्यापैकी कोणी कंपोझिशन घेतली असेल तर खरा अनुभव लिहा, वाईट असला तरी. त्यांना वाचून दाखवणार आहे.