नेच्याच्या घरातील पाहुणे

'बुरशी' हा शब्द कानी पडताच नासलेली भाकरी, ओल धरलेली भिंत किंवा रोगाने करपलेले पीक आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. बुरशी म्हणजे नाश, हे समीकरण आपण फारसा विचार न करता स्वीकारले आहे. माझ्या मते ते अपुरे आहे. सह्याद्रीपासून हिमालयापर्यंत दमट सावलीत वाढणारे नेचे याची साक्ष देतात.

नेच्याचे एखादे निरोगी पान जंतुनाशकाने वरून स्वच्छ करून त्याचे बारीक तुकडे पोषक माध्यमावर ठेवले, तर बहुधा काही दिवसांतच कापलेल्या कडांतून सूक्ष्म तंतू बाहेर पडू लागतात. हे कवक पानाच्या ऊतींतच वसतीला असतात. पानावर मात्र एकही डाग नसतो. अशा रहिवाशांना अंतर्वासी कवक म्हणता येईल. त्यांपैकी काही पान गळाल्यावर ते कुजवून मातीला परत देतात, तर काही वनस्पती दुर्बळ झाल्यास रोगकारकही ठरू शकतात. म्हणजेच निरुपद्रवीपणा हा त्यांचा कायमचा स्वभाव नसून दोघांनी राखलेला समतोल आहे.

काही ठिकाणी हे नाते याहूनही घनिष्ठ असते. ऑफिओग्लॉसम नावाच्या लहानशा नेच्याचे बीजाणूपासून निर्माण होणारे पहिले रूप जमिनीखाली वाढते. त्यात हरितद्रव्य नसल्यामुळे अंगात शिरलेल्या कवकाकडूनच त्याचे पोषण होते. येथे पाहुणाच दाई होतो! स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही कवकांचे तंतू आढळले आहेत. हे साहचर्य इतके जुने आहे.

पिकावर करपा किंवा तांबेरा पडला, तर उपाय अवश्य करावा. परंतु प्रत्येक बुरशीला शत्रू मानून सरसकट औषधे फवारणे शहाणपणाचे नाही. त्याचप्रमाणे रानातला नेचा उपटून कुंडीत लावला, की तो वाचला असे समजणेही भाबडेपणाचे आहे. त्याची माती, ओलावा, सावली आणि न दिसणारे सोबती मागेच राहतात. म्हणून वनस्पती राखायची असेल, तर तिचे घर आणि त्या घरातील पाहुणेही राखले पाहिजेत. डोळ्यांना दिसते तेवढ्याचेच रक्षण करणे म्हणजे अर्धेच रक्षण होय.