घरची जुनी बंदूक आणि तिचें योग्य मोल

सोनें विकावयाचें झालें तर त्या दिवसाचा भाव घरांतील लहानथोरांस ठाऊक असतो. बैल बाजारांत नेला तर दांत पाहून त्याचें वय सांगणारे दहा जण भेटतात. परंतु घरांतील बंदूक विकण्याचा प्रसंग आला म्हणजे चांगले शिकलेसवरलेले गृहस्थहि पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत बसतात, आणि तो जें देईल तें घेऊन मोकळे होतात.

ब्राह्मणाच्या घरीं बंदुकीचें काय काम, असें कोणी विचारील. पुण्यामुंबईच्या वाचकांस हा प्रश्न सुचणें स्वाभाविक आहे. वऱ्हाडांत तो सहसा कोणी विचारणार नाहीं. आमचें फुलसावंगी महागांव तालुक्यांत. पैनगंगेपलीकडील मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. सभोंवार रान, रात्रीं उभ्या पिकांत रानडुकरें व रोही, आणि दूरवर पसरलेली शेती. अशा भागांत ज्या घराकडे वतन किंवा मोठी जमीन होती, त्या घरीं परवान्याची एखादी बारा बोराची दुनळी असेच. १८७८ साली लिटनसाहेबाच्या अमदानींत हत्यारांचा कायदा झाल्यापासून परवाना हा प्रतिष्ठेचाहि विषय झाला. पुढें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद झाली, मुलें नोकरीनिमित्त शहरांत गेलीं, आणि बंदूक कपाटांत उभी राहिली. तिला तेल घालणारा वडीलधारा गेला म्हणजे प्रश्न उभा राहतो.

माझें मत असें कीं, बंदुकीचा भाव घासाघिशीनें फारसा वाढत नाहीं. तो विकणाऱ्याच्या हातीं किती वेळ आहे ह्यावर ठरतो. ज्यास उद्यां विकलीच पाहिजे त्यास मोडीचा भाव मिळतो.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. घरचे आजोबा वारले, आणि तेरावा होतो न होतो तोंच शहरांतील एक व्यापारी दारीं आला. परवानेदार गेल्यामुळें बंदूक घरांत ठेवणें हाच आतां गुन्हा आहे, असें सांगून तो आजींना म्हणाला, “काकू, आजच द्या. उद्यां पोलीस आले तर हेंहि हातीं यावयाचें नाहीं.” पहिलें वाक्य बरेंचसें खरें होतें, दुसरें निव्वळ भीति घालण्यासाठीं होतें. थोरला मुलगा कागदावर सही करावयास निघालाहि होता. तेव्हां धाकटी सून, जी शाळेंत शिक्षिका आहे, ती म्हणाली, “आई, गुन्हा टाळावयाचा तर बंदूक आधीं ठाण्यांत जमा करूं. विकण्याचें मागून पाहूं.” त्याप्रमाणें ती जमा झाली, पावती आली, आणि पांच महिन्यांनीं तीन ठिकाणीं दाखवून ती विकली तेव्हां पहिल्या मागणीच्या जवळजवळ तिप्पट रक्कम मिळाली. आजींच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया त्यांतूनच झाली.

सूनबाईंनीं जें केलें त्यास कायद्याचा आधार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें, बाळगण्याचा हक्क संपलेलें शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. परंतु जमा केलें म्हणजे तें सरकारचें झालें असें नव्हे. नियमांत ठरलेल्या मुदतींत वारसास तें परवाना मिळवून परत घेतां येतें, किंवा दुसऱ्या अधिकारी माणसास विकून त्याचे पैसे घेतां येतात. मुदत उलटूं दिली तर मात्र जिल्हादंडाधिकारी तें सरकारजमा करूं शकतात. तेव्हां पावती देवघरांतील डब्यांत पडूं देऊं नये. मुदतीचा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. ठाण्याच्या मालखान्यांत पावसाळ्याची ओल असते, म्हणून जमा करण्यापूर्वीं नळ्यांस आंतबाहेर तेल द्यावें आणि बंदुकीचीं छायाचित्रें क्रमांकासह काढून ठेवावीं. विक्रेत्याकडे ठेवल्यास भाडें पडतें, पण निगा बरी राहते. फक्त ठेवून घेणारा व भाव सांगणारा एकच नसावा.

वारसानें आपल्या नांवें परवाना मागावयाचा तर इतर वारसांचें ना-हरकत पत्र लागतें. येथें लेकींना विसरूं नये. सासरीं गेलेल्या बहिणीची सही मागाहून पाहूं, असें म्हणणाऱ्या भावांचीं प्रकरणें तिच्याच सहीवांचून अडून राहतात, आणि तें योग्यच आहे. वडील हयात असतांनाच ही व्यवस्था झाली तर सर्वोत्तम. २०१६ च्या नियमांत, परवानेदाराचें वय सत्तर झालें किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षें झालीं तरी वारसास अर्ज करण्याची सोय आहे.

विक्रेत्यास न देतां दुसऱ्या परवानेदारास परस्पर विकावयाची असली तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याचा अंमलदार यांस घेणाऱ्याच्या नांवपत्त्यासह लेखी कळवावें लागतें, व त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबावें लागतें. पुष्कळांस ही अट जाचक वाटते. मला ती विकणाऱ्याची मित्र वाटते, कारण त्या दीड महिन्यांत आणखी चौकशी करतां येते.

आतां वस्तूची पारख. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या अध्यक्षास शस्त्राची जात, रूप, लक्षण, प्रमाण, आगम, मूल्य व निक्षेप हीं सर्व ठाऊक असावीं असें सांगितलें आहे. त्यांतील आगम, म्हणजे वस्तु कोठून आली, हें प्रथम पाहावें. नळीवर व कळीच्या पेटीवर कारखान्याचें नांव असतें. विलायती बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहाचे ठसेहि असतात. लंडनच्या संस्थेस १६३७ सालीं सनद मिळाली, बर्मिंगहॅमचें गृह १८१३ चें. वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर अशीं नांवें आढळलीं तर घाई मुळींच करूं नये. १९८० च्या दशकांत सामान्य नागरिकांसाठीं बंदुकांची आयात बंद झाल्यापासून चांगल्या स्थितींतील विलायती मालास येथें त्याच्या मूळ देशाहूनहि चढा भाव येऊं शकतो. उलट, आपल्या सरकारी आयुधनिर्माणीची बंदूक असेल तर नवीची ठरलेली किंमत विचारून घ्यावी. जुनीची किंमत त्याखालींच राहणार, मग मालक कितीहि अभिमानानें बोलो.

मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों ना? तसेंच नळ्या सुट्या करून, टांगून, नखानें टिचकी मारावी. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर जोड शाबूत आहेत. बद्द आवाज आला तर पट्टी सुटली आहे. मग नळींतून उजेडाकडे पाहावें. आंत प्रकाशाचीं वर्तुळें अखंड दिसलीं पाहिजेत. एखादें मोडलेलें दिसलें तर तेथें पोचा आहे, काळे ठिपके दिसले तर गंजानें खड्डे पडले आहेत. नळ्या मिटल्यावर बिजागरी हलतां कामा नये. ही सारी पारख काडतुसें काढून, परवानेदाराच्या किंवा विक्रेत्याच्या हातूनच व्हावी, हें सांगावयास नकोच.

नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती लोखंडपोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली आहे. ती दिसते देखणी, परंतु तिचा जन्म काळ्या दारूच्या काळचा. आजचें काडतूस तींत घालणें धोक्याचें. तिला संग्राहक गाठावा, शेतकरी नव्हे. आणि घेणाऱ्यास हा दोष स्पष्ट सांगावा. दुसऱ्याच्या हातांत फुटणाऱ्या वस्तूचा चांगला भाव आला काय आणि न आला काय!

एक खोड आमच्याकडे सर्रास आढळते. विकण्यापूर्वीं दस्त्यास चकचकीत रोगण देतात आणि नळी कानशीच्या कागदानें घासून पांढरी करतात. तेणेंकरून मूळ रंग व कोरीव अक्षरें जातात, आणि जाणता ग्राहक तेवढीच किंमत उतरवितो. धूळ पुसावी, तेलाचा हात फिरवावा, पुरे. मूळ पेटी, साफ करण्याची काठी, जुनी खरेदीची पावती माळ्यावर असेल तर शोधावी. तिचे स्वतंत्र पैसे येतात.

सरकारच जेव्हां विकावयास लावतें तेव्हां भाव कोणीं ठरवावा? २०१९ च्या डिसेंबरांत आपल्या कायद्यांत दुरुस्ती होऊन एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली, आणि तिसरी वर्षाच्या आंत जमा करण्याचें बंधन पडलें. मोबदल्याचा दर त्या दुरुस्तींत नव्हता. एकाच वर्षांत सगळे विकणारे झाले म्हणजे पारडें कोणीकडे झुकणार हें सांगावयास नको. त्याच वर्षीं न्यूझीलंडांत क्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर कांहीं जातींच्या बंदुका परत घेतल्या, तेव्हां तेथील सरकारनें किंमतींची यादी छापून प्रसिद्ध केली: उत्तम स्थितींतील बंदुकीस ठरीव किंमतीच्या ९५ टक्के, वापरलेलीस ७०, खराब असेल तिला २५. ऑस्ट्रेलियानेंहि १९९६-९७ मध्यें दर छापूनच सहा लाखांहून अधिक बंदुका गोळा केल्या. तेथील राज्यघटनेंतच न्याय्य अटींवांचून कोणाची मालमत्ता घेऊं नये असें आहे. बंदुका कमी व्हाव्या हा आपल्या कायद्याचा हेतु मला मान्य आहे. छापील दराची ती पद्धत येथेंहि आली असती तर तिसरी बंदूक विकणाऱ्यांस व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर विसंबावें लागलें नसतें.

तूर्त तशी यादी नाहीं, म्हणून ती आपणच करावी. किमान तीन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्यावा, आणि पहिल्याचा आंकडा दुसऱ्यास सांगूं नये. रक्कम बँकेमार्फतच घ्यावी, पावतीवर बंदुकीचा क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशीं अक्षर न अक्षर ताडून पाहावा, आणि परवान्यावरील नोंद कमी झाल्याचा शेरा हातीं आल्याखेरीज तें प्रकरण संपलें असें समजूं नये.