जबलपूरला उतरल्यावर कोणते जंगल?

जबलपूरला उतरून वाघ पाहायला जायचे, असे घरात ठरले की पहिला वाद सुट्टीच्या तारखांवरून होतो आणि दुसरा मुक्कामावरून. माहितीपत्रकात ‘घनदाट अरण्याच्या कुशीत’ अशी ओळ असते, मचाणावर टांगलेल्या कंदिलाचा फोटो असतो आणि खाली छापलेला दर पाहून घरातली मोठी माणसे गप्प होतात. तरीही पुष्कळजण तिथेच पैसे भरतात. मुक्काम जितका आडबाजूला तितका वाघ जवळ, अशी समजूत त्यामागे असते.

ही समजूत महागात पडते. मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांत खासगी मुक्काम गाभा क्षेत्राच्या बाहेर असतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न गाजला आणि त्यानंतरच्या नियमांनुसार गाभा क्षेत्राच्या फार तर २० टक्के भागात पर्यटन करता येते. म्हणजे कंदिलाच्या उजेडात जेवणारा आणि फाटकाजवळच्या साध्या खोलीत झोपणारा, दोघेही सकाळी त्याच रस्त्यांवरून फिरतात. फरक एवढाच, की पहिल्याला फाटकापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागत असेल, तर त्याला पहाटे चारला उठून उघड्या जीपमध्ये थंडी खात यावे लागते. सोबत आजी आणि पाच वर्षांचा नातू असेल, तर हा पाऊण तास लहान नव्हे.

म्हणून आधी परवाना, मग खोली. परवाना ठरावीक तारखेचा, ठरावीक फेरीचा आणि ठरावीक विभागाचा असतो. त्यावर प्रत्येकाचे नाव असते आणि फाटकावर तेच ओळखपत्र दाखवावे लागते. मुलांचेही. खोलीचे पैसे भरले म्हणजे जंगलात प्रवेश मिळाला असे नाही. नाताळात आणि होळीच्या सुट्टीत नेमकी हीच फसगत होते: खोली मिळते, परवाना संपलेला असतो.

कान्हा आणि बांधवगड दोन्ही जबलपूरपासून साधारण १६० ते १७५ किलोमीटरवर, पण दोन दिशांना. कान्ह्याला मंडल्यावरून जातात. तिथे खटिया-किसलीचे फाटक जबलपूरकरांना सोयीचे आणि म्हणून गजबजलेले. मुक्कीचे फाटक बालाघाटच्या बाजूला. तिथला मुक्काम खरोखर शांत, बंजर नदी जवळ, आसपास बैगा आणि गोंड वस्त्या. शांतता हवी असेल तर मुक्की उत्तम. मात्र परवाने खटियाचे आणि खोली मुक्कीची असा घोटाळा झाला, तर बाहेरच्या रस्त्याने मोठा वळसा पडतो. विदर्भातून निघणाऱ्यांनी तर जबलपूरला जाण्याचा हट्टच धरू नये, त्यांना गोंदियाहून मुक्की जवळ आहे.

बांधवगडला ही अडचण कमी. ताला गावात राहिले की ताला, मगधी आणि खितौली ही तिन्ही दारे जवळ. शिवाय २०२२ च्या गणनेत बांधवगडमध्ये १३५ वाघ मोजले गेले, तर आकाराने मोठ्या असलेल्या कान्ह्यात १०५. दोनच दिवस हाताशी असतील आणि मुलाला वाघच पाहायचा असेल, तर बांधवगड निवडावे. पेंचही या भागातलेच, पण ते जबलपूरपेक्षा नागपूरला फार जवळ.

तरीही कान्ह्याचे पारडे हलके म्हणवत नाही. सालवृक्षांच्या मधून एकदम उघडणारी तिथली कुरणे दुसरीकडे नाहीत आणि त्या कुरणांत बारशिंगा आहे. कडक जमिनीवर राहणारी ही जात १९७० मध्ये अवघ्या ६६ जनावरांवर आली होती. कुंपण घालून काही जनावरे जपली, गवत राखले, गावे हलवली. गावे हलवणे सोपे नव्हते. आजच्या कुरणांपैकी काही त्या गावांची जुनी शेते आहेत, हे वाटाड्याला विचारले तर तो दाखवतो. आता बारशिंग्यांची संख्या हजाराच्या घरात गेली आहे आणि कान्ह्यातून काही सातपुड्याला आणि बांधवगडलाही नेले आहेत. डिसेंबर-जानेवारीत नरांची शिंगे पूर्ण वाढलेली असतात आणि धुक्यातून त्यांची साद ऐकू येते. त्या सकाळी वाघ दिसला नाही तरी मुले कुरकुरत नाहीत.

वाघाचा हंगाम मात्र उन्हाळ्याचा. ऑक्टोबरमध्ये जंगल उघडते तेव्हा गवत उंच आणि पाणी सगळीकडे, त्यामुळे वाघ दहा पावलांवर असून दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात आणि तो पाण्याशी येतो. पण पारा चाळिशीच्या वर असतो, हेही मुक्काम ठरवताना लक्षात घ्यावे. आडबाजूच्या तंबूत वीज गेली तर पंखा चालेल का आणि रात्री कोणाला दमा उसळला तर डॉक्टर किती दूर, हे फोनवर सरळ विचारावे. गुळमुळीत उत्तर आले तर दुसरी जागा पाहावी.

ज्यांना खरेच आडबाजूला जायचे आहे, त्यांच्यासाठी दमोह-सागरच्या बाजूला वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्प आहे. पूर्वीचे नौरादेही अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प झाले २०२३ मध्ये. वाघ तिथे २०१८ मध्ये आणून सोडले, त्यामुळे दर्शनाची आशा बेताचीच. पण लांडग्यांसाठी हे जंगल आधीपासून ओळखले जाते आणि गाड्यांची रांग नसते. दोनदा वाघ पाहून झालेल्या कुटुंबाने इथे जावे. पहिल्या सहलीसाठी ही जागा नाही.

कुठेही गेले तरी किमान तीन फेऱ्या धराव्यात, एकाच फेरीवर सगळी मदार ठेवू नये. बुधवारी दुपारची फेरी नसते, आणि जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंदच. शेवटच्या दिवशी दुपारची फेरी घेतली तर सूर्यास्ताला बाहेर यावे लागते, त्यानंतर जबलपूरचा रस्ता चार तासांचा. त्या रात्रीचे गाडीचे आरक्षण करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी भेडाघाट पाहावा आणि मग निघावे.