गुरुजींचें ऋण कसें फेडावें?

एखादे आवडते गुरुजी वारले म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी जमतात. तसबिरीस हार घालतात, चार भाषणें होतात, घरच्या मंडळींस नारळ व वस्त्र मिळतें आणि सभा उठते. त्यांत प्रेम नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें जन्मभर लोकांचीं मुलें वर काढलीं, त्याचें ऋण एवढ्यानें फिटतें काय? उत्तरादाखल एका हायस्कूलमास्तरांची हकीगत ऐका.

कृष्णराव अर्जुन केळूसकर हे वेंगुर्ल्याकडील केळूस गांवचे. जन्म १८६० सालचा. मुंबईस विल्सन हायस्कुलांत ते शिक्षक होते. शिकवितां शिकवितां त्यांनीं तुकारामबोवांचें, गौतम बुद्धाचें आणि शिवाजी महाराजांचें चरित्र लिहिलें. चर्नीरोडच्या बागेंत ते वाचीत बसत. त्याच बागेंत एक मुलगा पुस्तक घेऊन येई. तो त्यांच्या वर्गांतला नव्हता, शाळेंतलाही नव्हता आणि नात्यागोत्यांतला तर नव्हताच. परळच्या चाळींत एका खोलींत राहणाऱ्या, पेन्शनींत निघालेल्या महार सुभेदाराचा तो मुलगा. गुरुजी उठून घरीं गेले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण त्यांनीं मुलाची विचारपूस केली, काय वाचावें तें सांगितलें व पुस्तकें वाचावयास दिलीं. पुढें त्याच्या सत्काराची सभा भरली, तेव्हां आपलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं ठेविलें. बापाची ऐपत संपली, तेव्हां बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठीं शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली व शिक्षण चालू राहिलें. तो मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर.

केळूसकर गुरुजी १९३४ सालीं वारले. बावीस वर्षांनंतर, १९५६ च्या एप्रिलांत, डॉक्टरसाहेब बुद्धावरील आपल्या ग्रंथाची प्रस्तावना लिहीत होते. आपण बुद्धाकडे कसे वळलों हें सांगतांना त्यांनीं दादा केळूसकरांचें नांव घेतलें आणि त्या भेट मिळालेल्या पुस्तकाची आठवण लिहून ठेविली. ह्याला आम्ही स्मरण म्हणतों. त्यांत थोरवीचीं विशेषणें नाहींत. कोणी काय दिलें व त्यानें काय घडलें, एवढेंच आहे. परंतु डॉक्टरसाहेब त्याच वर्षीं डिसेंबरांत निवर्तले, आणि १९५७ सालीं ग्रंथ निघाला तेव्हां ती प्रस्तावना त्यांत छापली गेली नाहीं. एवढ्या मोठ्या विद्यार्थ्याचे शब्दही मागें राहूं शकतात. मग आपण तोंडानें बोललेले शब्द किती दिवस टिकणार?

म्हणून आमचें सांगणें असें. सभा जरूर भरवा. पण येतांना प्रत्येकानें एक पान लिहून आणावें. गुरुजी थोर होते असें लिहूं नये. त्यांनीं कोणाची फी भरली, कोणाच्या बापास बांधावर गांठून पोराला शाळेंतून काढूं नको म्हणून विनविलें, तें लिहावें. लिहितां येत नसेल त्यानें सांगावें व मुलानें उतरून घ्यावें. तीं पानें गुरुजींच्या घरीं नेऊन द्यावीं. परक्या पोरांना आपल्या चुलीवरची भाकर वाढणाऱ्या गुरुजींच्या पत्नीस सभेंत कोणी बोलावयास सांगत नाहीं, तिलाही विचारावें. आपला बाप रात्रीं उशिरां कां येई, हें लेकरांना त्या पानांतून कळेल.

आणि हारतुऱ्यांचा पैसा वांचवून गांवांतील एका मुलाची किंवा मुलीची फी, पुस्तकें व येण्याजाण्याचा खर्च जुन्या विद्यार्थ्यांनीं पत्करावा. तें लेकरूं आपल्या भावकींतलें किंवा जातींतलें नसलें तर अधिक बरें. बागेंतल्या गुरुजींनीं तें पाहिलें नव्हतें.

आम्हीही खेड्यांतल्या शाळेंत खडू झिजवितों. आमच्यामागें तसबीर लागली नाहीं तरी चालेल. आमच्या हाताखालून गेलेल्या एकानें तरी दुसऱ्याच्या पोराला पुस्तक द्यावें, एवढेंच मागणें आहे.