उजव्या मुठीचा आरसा

सायकलीला आरसा लावून नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात शिरणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काहून जी, भांग पाडाले लावला का?" थट्टा निरुपद्रवी असते, पण तिच्या पोटात एक पक्के मत असते. आरसा हा गाडीचा दागिना. सायकलवाल्याला देवाने मान दिली आहे, कान दिले आहेत, त्याने त्यांवर भागवावे. नवल असे की हे मत पहाटे पारडीहून जुन्या अ‍ॅटलसवर येणारा हमालही मांडतो आणि रविवारी अंबाझरीच्या बाजूला पन्नास हजारांची सायकल फिरवणारा हौशी स्वारही मांडतो. एरवी या दोघांचे कशावरही एकमत व्हायचे कारण नाही. ज्या मतावर इतकी एकी आहे, ते एकदा तपासून घेतलेले बरे.

आणि तपासायचे तर कळमन्यातच. तिथले पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड म्हणजे धान्य, संत्री, मिरची, कांदा-बटाटा, भाजी असा सगळा ठोक बाजार. दिवाळीच्या आगेमागे काटोल, नरखेड, वरूडकडून आंबिया बहाराची संत्री येतात, फेब्रुवारीनंतर मृग बहाराची. त्याच सुमारास लाल मिरचीने हवा इतकी झोंबते की रस्त्याने जाणाऱ्यालाही डोळे पुसावे लागतात. ट्रक, ट्रॅक्टर, छोटा हत्ती, ई-रिक्षा यांच्या गर्दीतून चिल्लर भाजीवाला कॅरियरला चुंगडी बांधून डिप्टी सिग्नल नाहीतर इतवारीकडे निघतो. त्याला रस्ता कुणी देत नाही, उरलेला रस्ता तो घेतो. ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या केंद्राच्या स्पर्धेत २०२२ साली जी अकरा शहरे विजेती ठरली, त्यांत नागपूर होते. अभिनंदन. चिखलीच्या चौकात ट्रकांच्या रांगेला खेटून सायकल काढणाऱ्याला मात्र ही बातमी अजून पोचायची आहे.

आता मानेचा युक्तिवाद घेऊ. मान वळवून मागे पाहणे उत्तमच, त्याला पर्याय नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण ते फुकट होत नाही. ताशी पंधरा किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. मागे नीट पाहायला एक-दीड सेकंद जातो, म्हणजे पाच-सहा मीटर रस्ता न पाहता कापला जातो, आणि कळमन्याच्या आसपास पाच-सहा मीटरांत काय काय येऊ शकते याची यादी करायची गरज नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढची. उजवीकडे मान वळवली की उजवा खांदा मागे जातो, हात त्याच्याबरोबर ओढला जातो आणि सायकल नकळत उजवीकडे झुकते. ज्या ट्रकला पाहायचे त्याच्याच वाटेत ती शिरते. कॅरियरवर चुंगडी असेल तर हा झोल सावरायला आणखी वेळ लागतो. म्हणून मान कधी वळवायची हे आधी कळायला हवे, आणि ते सांगायचे काम आरशाचे. आरशात मागे मोकळे दिसले की मगच मान वळवून खात्री करावी. ट्रक दिसला तर मान वळवण्याचा धोका घ्यायचेही कारण नाही. मान की आरसा असा हा वाद मांडणाऱ्यांनी दोघांची कामे एकच समजली आहेत.

कानांचे तर विचारूच नका. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंशांचा पारा पाहिला आहे. उन्हाळ्यात नागपूरचा सायकलवाला डोके आणि कान दुपट्ट्याने बांधूनच बाहेर पडतो, डिसेंबरात थंडीसाठी तेच करतो. बांधलेल्या कानांवर काय विसंबायचे? ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राने २०१५ साली बंदी केली, पण हॉर्नची सवय पाटीबरोबर पुसली गेली नाही. जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला हॉर्न देतो, तिथे मागचा हॉर्न आपल्याला आहे की पुढच्या ट्रॅक्टरला, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि ई-रिक्षा? ती अंगाशी येईपर्यंत आवाजच करत नाही.

तिसरा आक्षेप जरा निराशावादी, पण बाजारात तोच जास्त मनापासून बोलला जातो. "दिसून करणार काय? ठोकायचं असल तर ठोकनच." रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसे गेल्याची नोंद आहे, आणि अपघातांच्या प्रकारांत मागून बसलेल्या धडकेचा वाटा सर्वांत मोठा, पाचांतला एक. हे आकडे सगळ्या वाहनांचे आहेत, एकट्या सायकलींचे नाहीत. तरी मागून येणारी धडक ही दैवगती मानून सोडून द्यावी इतकी दुर्मीळ नाही, एवढे त्यांतून दिसते. आणि करण्यासारखे असतेच. नागपूरच्या सिमेंटी रस्त्याची कड आणि बाजूची जमीन यांत बऱ्याच ठिकाणी पायरी असते. ऐन वेळी घाबरून डावीकडे उतरले तर चाक त्या पायरीवरून घसरते आणि माणूस रस्त्यावर पडतो, म्हणजे ट्रकपुढे. तोच ट्रक सात सेकंद आधी दिसला तर माणूस पुढची सपाट जागा बघून आपणहून खाली उतरतो. सात सेकंद म्हणजे किती? ट्रक ताशी चाळीसने आणि सायकल पंधराने असेल तर अंतर सेकंदाला सुमारे सात मीटरने घटते. पन्नास मीटरवर दिसला तर सात सेकंद, वीस मीटरवर दिसला तर तीन.

इथपर्यंत आरसा लावा म्हणणारे माझ्या बाजूचे. पण खरे भांडण त्यांच्याशीच आहे. लावायचाच तर मोठ्या फुगवट्याचा लावा, त्यात सगळा रस्ता दिसतो, असे दुकानदार सांगतो आणि हे समर्थकही ते पटकन मान्य करतात. सगळा रस्ता दिसतो हे खरे. पण काय देऊन?

हिशेब साधा आहे. उभ्या हँडलच्या सायकलीवर बसले की डोळ्यापासून मुठीच्या टोकापर्यंत साधारण सत्तर सेंटिमीटर अंतर पडते. आठ सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा तिथे लावला, तर वीस मीटर मागच्या रस्त्याचा एका डोळ्याला जेमतेम अडीच मीटरांचा पट्टा दिसतो. ट्रकची रुंदी तेवढीच असते. म्हणजे ट्रक दिसेल, त्याच्या बाजूने घुसणारी मोटारसायकल दिसेलच असे नाही. सपाट आरसा खरे बोलतो, पण थोडे बोलतो. फुगीर आरसा उलट. ज्याच्या फुगवट्याची त्रिज्या तीस सेंटिमीटर आहे, असा आरसा त्याच जागी साडेपाच पट रुंद रस्ता दाखवतो, आणि प्रत्येक वस्तू साडेपाच पट लहान दाखवतो. प्रकाशशास्त्राच्या या सौद्यात घासाघीस चालत नाही: दृश्य जेवढे पट रुंदावते, तेवढेच पट ते आक्रसते. वीस मीटरवरचा ट्रक अशा आरशात एकशे दहा मीटरांवर असावा तेवढा दिसतो. बघणाऱ्याला वाटते सोळा सेकंद हातात आहेत, चला वळून घेऊ. असतात तीन.

आरसा नसलेला माणूस निदान घाबरून जपून असतो. अतिफुगीर आरसा लावलेला निर्धास्त होतो, आणि त्या निर्धास्तपणाला आधार खोट्या अंतराचा. मोटारीच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचे ते गोल बटणासारखे आरसे सायकलीवर वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोटारीत ते मुख्य आरशाच्या जोडीला असतात, एकटे नसतात. आरशाने किती दाखवावे यापेक्षा त्यात दिसणाऱ्या ट्रकचे अंतर मनाला बरोबर कळावे, ही निवडीची पहिली अट. माझ्या मते मर्यादा दुपटीची. वस्तू निम्मी दिसली तर मन काही दिवसांत सवयीने हिशेब जुळवून घेते. पाचव्या हिश्शाशी ते जुळवून घेत नाही. दुप्पट दाखवणारा आठ सेंटिमीटरचा आरसा वीस मीटरवर साडेचार मीटरांहून जास्त रुंद पट्टा दाखवतो. त्यात ट्रकही मावतो आणि त्याच्या आडून डोकावणारी मोटारसायकलही.

हे दुकानात तपासायला यंत्र लागत नाही. आरसा हात लांब करून धरावा, मागे उभी असलेली एखादी स्कूटर त्यात पाहावी आणि लगेच वळून डोळ्याने पाहावी. निम्म्याच्या आसपास दिसली तर घ्यावा, अंगठ्याएवढी दिसली तर परत ठेवावा. गंमत म्हणजे हा सौम्य फुगवटा जुन्या मोटारसायकलच्या आरशात बहुधा सापडतो, आणि तो भंगारात स्वस्त मिळतो. पण त्याची दांडी लांब आणि वजन जास्त, ते जसेच्या तसे सायकलीला चढवू नये.

दांडीचा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत रे हॅरून याने जिंकली. बाकीच्या गाड्यांत मागे लक्ष ठेवायला एक मेकॅनिक बसे. हॅरून एकटा होता आणि त्याने मेकॅनिकऐवजी आरसा लावला होता. इतरांनी तक्रार केली, आरशामुळे ती मान्य झाली नाही. पुढे हॅरूननेच सांगितले म्हणतात की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हते. आरशाच्या समर्थकांनी हा किस्सा अर्धाच सांगायची पद्धत आहे. कळमन्यातले सिमेंटचे जोड आणि खड्डे त्या विटांपेक्षा दयाळू नाहीत. लांब दांडीवरचा जड आरसा इथे ट्रकचा नुसता धूसर डाग दाखवील. दांडी आखूड हवी, आणि चुंगडीच्या बाहेर डोकावण्यापुरती लांबही हवी. शिवाय सायकल भिंतीला टेकवताना आत दुमडणारी हवी, नाहीतर आरसा पहिल्याच आठवड्यात फुटतो.

बसवायचा उजवीकडे. आपल्याकडे ओलांडणारे वाहन उजवीकडून येते. उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशांसाठी घडवलेले आरसे डाव्या मुठीसाठी असतात, त्यांच्या खोक्यावरचे चित्र बघून मिस्त्री बिचारा तसाच बसवून देतो. मुठीच्या टोकातून नळीत बसणारा प्रकार जुन्या सायकलींनाही चालतो, फक्त रबरी मुठीचे बंद टोक कापावे लागते. क्लॅम्पचा घेतला तर दांडीच्या ब्रेकच्या सायकलीवर एक पाहावे: ब्रेक दाबताना त्याची दांडी वर उचलली जाते, ती क्लॅम्पला अडता कामा नये. आरशासाठी ब्रेक गमावणारा शहाणा मी पाहिलेला नाही, पण तशी बसवणी करून देणारे दुकान पाहिले आहे. हेल्मेटला किंवा चष्म्याला लावायचे परदेशी इवलेसे आरसे दुपट्टा बांधणाऱ्याच्या कामाचे नाहीत, ते सोडून द्यावेत.

आता उरला तो सगळ्यांत वजनदार आक्षेप. ठोकणार ट्रक, आणि आरसा घ्यायचा सायकलवाल्याने? १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आरसा मोटार वाहनाला सक्तीचा करतात, सायकल त्यांत येत नाही. ओलांडताना पुढच्याला धोका होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने ओलांडणाऱ्याची आहे. तेव्हा दुबळ्याच्या हातात आरसा देणे म्हणजे दांडग्याची जबाबदारी त्याच्या गळ्यात घालणे, असे म्हणणाऱ्यांशी माझे अर्धे एकमत आहे. उद्या अपघात झाला आणि कुणी विचारले, "आरसा का नव्हता?" तर त्याला तिथेच गप्प करायला हवे. सायकलीला आरशाची सक्ती करण्याची कल्पना निघाली तर मी तिच्या विरोधात लिहीन. पण हक्क माझा आहे म्हणून मागे पाहायचे नाही, हा हट्ट ज्याला दुपारपर्यंत भाजी विकून घरी परतायचे आहे त्याला परवडत नाही. हक्क मागणे आणि मागे पाहणे एकाच वेळी करता येते. बाजार समिती हमाल-मापाऱ्यांना परवाने देते, बाजार फी गोळा करते. परवान्याबरोबर एक बरा आरसा आणि मागच्या मडगार्डला लाल परावर्तक दिला तर कुणाचे दिवाळे निघणार नाही.

एका जागी मात्र आरसा काहीच कामाचा नाही, आणि त्याची भलामण करणाऱ्याने हे सांगितलेच पाहिजे. भरलेला ट्रक डावीकडे यार्डाच्या फाटकात वळतो तेव्हा त्याचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून, कडेला चिकटून जाते. त्या कडेला उभा असलेला सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही. सायकलवाल्याच्या उजव्या मुठीच्या आरशातही ट्रक नसतो, कारण तो मागे नसतो, शेजारी असतो. तिथे सायकलवाल्याने ट्रकच्या मागेच थांबावे, डावीकडची मोकळी फट कितीही खुणावत असली तरी. आणि समितीने फाटकावर एवढे करावे: क्लीनर खाली उतरून डावी बाजू मोकळी असल्याची खूण करीत नाही तोवर ट्रक वळू देऊ नये. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.