सोवळ्यातला जाझ तुम्हालाच लखलाभ

वेन शॉर्टर वाया गेला म्हणे! कोण म्हणतं? जाझला सोवळं नेसवून देव्हाऱ्यात बसवणारे. त्यांचा आरोप असा : या सॅक्सोफोनवाल्यानं १९७० साली जो झाविनूलबरोबर 'वेदर रिपोर्ट' बँड काढला, विजेची वाद्यं जवळ केली, रॉकचा ठेका घेतला आणि जाझ बाटवला. वर पुन्हा, त्या गदारोळात हा वाजवतो तरी किती? चार सूर!

मी विचारतो, बाटायला शुद्ध होतं काय? सॅक्सोफोन हे वाद्यच मुळी अडॉल्फ साक्स या बेल्जियन माणसाचं, १८४६ चं पेटंट. न्यू ऑर्लिन्समध्ये गुलामांच्या लेकरानातवंडांनी बँडची पितळी वाद्यं, चर्चची गाणी आणि आफ्रिकेचा ताल एकत्र कुटला, तेव्हा कुठं जाझ झाला. भेसळ हेच त्याचं कूळ.

आता चार सुरांचं. शॉर्टर न्यूअर्कचा, जन्म १९३३ चा. पोरवयात सॅक्सच्या पेटीवर 'मिस्टर विअर्ड' रंगवून हिंडायचा. १९५९ पासून आर्ट ब्लेकीच्या बँडमध्ये यानं धो धो वाजवलंय. वेग त्याच्या बोटांत होताच. मग १९६४ साली माइल्स डेव्हिसकडे गेला. तिथली त्याची १९६७ ची 'नेफर्टिटी' ऐका. ट्रम्पेट आणि सॅक्स एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, आणि मोकाट सुटतो तो मागं बसलेला ड्रमवाला, टोनी विल्यम्स. पुढच्यांनी थांबायचं, मागच्यानं बोलायचं! पंडितहो, हे 'वेदर रिपोर्ट'च्या आधीचं आहे. कमी वाजवणं त्याच्यावर यंत्रांनी लादलं नाही, त्यानंच ते निवडलं.

१९७७ ला 'हेवी वेदर' आली. झाविनूलची 'बर्डलँड' गाजली, तबकडी धडाधड खपली. तबकडी खपली म्हणजे माणूस विकला गेला? त्याच तबकडीवरचं शॉर्टरचं 'हार्लेक्विन' ऐका, मग तोंड उघडा.

१९८६ ला बँड संपला. २००० साली यानं बिनविजेच्या वाद्यांची चौकडी जमवली, तर लगेच आरत्या निघाल्या : आला बाबा घरी! अरे, गेला होता कुठं? तेच मोजके सूर, तीच मधली शांतता. ऐंशी उलटल्यावर 'इफिजेनिया' हा ऑपेरा लिहिला. २ मार्च २०२३ ला, ८९ व्या वर्षी गेला. शेवटपर्यंत कुणाचा परवाना मागितला नाही.

काळ्या माणसानं काय फुंकावं हे ठरवणारे तुम्ही कोण? त्याला शुद्ध करायला निघालेल्यांनो, आधी तुमचे कान धुऊन या.